पेट्रोल ब्रेकखाली कसं जातं: बेळगावच्या रस्त्यांवरचा हिशोब

चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडी बरं ॲव्हरेज देते आणि येताना तीच गाडी पेट्रोल पिते, हे बेळगावात ज्याने कधी ट्रिप मीटर शून्यावर आणून हिशोब ठेवलाय त्याला ठाऊक असतं. मग संशय गोव्यातल्या पंपावर जातो. "तिकडचं पेट्रोलच तसलं," असं म्हणून विषय मिटतो. पंपवाल्याचा बहुतेक वेळा यात काही दोष नसतो. पणजी समुद्राकाठी आहे आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर. माणसं आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी एवढी उंच उचलायची तर ऊर्जा लागणारच, आणि ती टाकीतूनच येणार.

किती लागते? वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार, शाळेत केलेलाच. उत्तर येतं जवळजवळ ३ युनिट. घरच्या विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. आता एक लीटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, पण चाकापर्यंत पोचतो त्यातला जेमतेम चौथा हिस्सा, म्हणजे सव्वादोन युनिट. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. हा तुमच्या गाडीचा दोष नाही, पेट्रोल इंजिनाची जातच तशी. तेव्हा निव्वळ चढणीपायी सव्वा लीटरच्या वर पेट्रोल गेलं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात एवढी भर पडली की सपाटीवर १८ देणारी गाडी १५ वर येते.

ही ऊर्जा वर आल्यावर नाहीशी होत नाही, गाडीत उंचीच्या रूपाने साठून राहते. पुढच्या वेळी उतरताना ती परत मिळते, आणि मिळालेली वापरायची की फुंकायची हे ड्रायव्हरच्या उजव्या पायावर आहे. घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून बसलात तर सव्वा लीटर पेट्रोलची ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. घाटाच्या पायथ्याशी काही गाड्यांच्या चाकांतून जळका वास येतो, तो पेट्रोलच्या पैशाचा वास म्हणायला हरकत नाही.

ॲव्हरेज वाढवायचे उपाय विचारले की दहा जण वीस गोष्टी सांगतात. त्यात खऱ्या बऱ्याच आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी गळती ब्रेकमधून होते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ब्रेक दाबताना पेट्रोल जळत नसतं. ते आधीच जळून गेलेलं असतं.

एका ब्रेकची किंमत

बाराशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला आणायला, वारा आणि रस्त्याचं घर्षण सोडून, सुमारे २० मिलिलीटर पेट्रोल लागतं. सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लीटर धरू. म्हणजे दोन रुपये. तुम्ही ६० वर गेलात आणि समोर गतिरोधक दिसला म्हणून कचकन ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवलीत, की ते दोन रुपये गेले. पलीकडे पुन्हा ६० वर जायला नवे दोन रुपये. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ३० वरून थांबण्याची किंमत ५ मिलिलीटर आणि ८० वरून थांबण्याची ३५ मिलिलीटरच्या वर.

आता खानापूर किंवा जांबोटीकडच्या रस्त्याने जा आणि वाटेतल्या गावांचे गतिरोधक मोजा. प्रत्येक दोन गतिरोधकांच्या मध्ये गाडी ६० पर्यंत पळवून पुन्हा दाबणारा माणूस आणि ४० वर निवांत चालणारा माणूस पुढच्या गावी एकदोन मिनिटांच्या फरकाने पोचतात. पेट्रोलमध्ये मात्र दर गतिरोधकामागे निम्म्याहून जास्त फरक पडतो.

यावर उपाय म्हणजे ब्रेक लावायचाच नाही असं नव्हे. गुरं आडवी आली तर ब्रेकच लावायचा, तिथे मिलिलीटर मोजत बसायचं नाही. उपाय आहे लांब बघण्याचा. समोरच्या गाडीच्या डिकीकडे बघून चालवणाऱ्याला ती गाडी थांबली की थांबावं लागतं. तिच्या पलीकडच्या दोन-तीन गाड्या बघणाऱ्याला तीच गोष्ट चार-पाच सेकंद आधी कळते. तेवढ्यात तो ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, गाडी आपोआप मंदावते आणि बरेचदा ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची वेळच येत नाही.

आपल्याकडे याची खरी परीक्षा ऊस हंगामात होते. कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या बाजूच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. त्यांच्या अगदी मागे चिकटून, जागा दिसली की रेस, समोरून एसटी आली की ब्रेक, पुन्हा रेस, अशी चार-पाच वेळा उसळी मारून शेवटी ओव्हरटेक करण्याची पद्धत सगळ्यात महाग. मागे चांगलं अंतर ठेवलं, ट्रॅक्टरच्याच वेगाने चालत राहिलं आणि रस्ता लांबवर मोकळा दिसल्यावर एकदाच पुढे गेलं, तर पेट्रोल वाचतं. शिवाय ट्रॉलीतून पडलेल्या उसाची कांडी काचेवर येत नाही.

हायब्रिड गाड्या गावात इतकं चांगलं ॲव्हरेज का देतात, याचं उत्तरही इथेच आहे. ब्रेक दाबला की त्यांची मोटर उलटं काम करून वीज बनवते आणि बॅटरीत भरते. ब्रेकखाली जाणारा पैसा थोडाफार परत मिळवणारं यंत्र म्हणजे हायब्रिड. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्याकडे डोळे आहेत.

न्यूट्रल मारायचं का?

"उताराला न्यूट्रल मारा की, फुकटात जाते गाडी." हा सल्ला देणारा मामा किंवा काका प्रत्येक घरात असतो, आणि त्यांच्या काळात तो निम्मा खरा होता. कार्बोरेटरच्या गाडीत गिअर असो वा नसो, इंजिन फिरतंय तोवर थोडं पेट्रोल आत जातच राहायचं. आता दोन हजार सालानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे आणि ते कॉम्प्युटर चालवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन ठरावीक आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर फिरतंय, असं दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. इंजिनाला चाकंच फिरवत असतात, पेट्रोलची गरजच नसते. न्यूट्रलमध्ये टाकलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला पेट्रोल पुन्हा सुरू करावं लागतं.

खात्री करायची असेल तर डॅशबोर्डवर चालू क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा आकडा लावा आणि वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट गिअरमध्ये, पाय काढून उतरा. आकडा टोकाला जाऊन अडकतो. गाडी त्या क्षणी काहीच पीत नसते.

सपाटीवर मात्र प्रकरण थोडं वेगळं आहे. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं, त्यामुळे न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे खरंच. काही हौशी लोक त्यावरून वाद घालतात. पण त्यात वाचणारं पेट्रोल नगण्य आणि अचानक रेस द्यायची वेळ आली तर गिअर नाही, हा धोका मोठा. घाटात तर चर्चेलाही जागा नाही. इंजिनाची ओढ नसली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. आंबोलीत किंवा चोर्ल्यात धुकं आणि पाऊस असताना हे घडलं तर काय होईल ते सांगायला नको. चावी बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होतं आणि चावी जास्त फिरली तर लॉकही होतं.

साधा नियम असा की घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा.

चढताना उलट चूक होते. पेट्रोल वाचवायचं म्हणून लोक वरचा गिअर सोडत नाहीत, गाडी गुरगुरायला लागते, थरथरते, आणि पाय तळाला जातो. अशा वेळी खाली गिअर टाकावा. सपाटीवर लवकर वरचा गिअर, चढणीला वेळेवर खालचा. सपाटीवर वरचा गिअर का, तर कमी रेस देऊन इंजिन जोरात फिरवलं की हवा आत घेण्याची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला दबलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तशी हवा ओढावी लागते. त्या ओढाओढीतच बरंच पेट्रोल जातं. वरच्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरतं, झडप जास्त उघडी राहते आणि तेच काम कमी त्रासात होतं. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या २,००० आरपीएमच्या आसपास गिअर बदलला तर खूश असतात.

हायवेवर वारा वसुली करतो

कोल्हापूरपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ४८ मोकळा मिळाला की काटा १०० च्या पुढे कधी जातो कळत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वर जितका असतो त्याच्या दीडपटीहून जास्त १०० वर आणि सव्वादोन पट १२० वर. टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध मात्र वेगाने फारसा बदलत नाही. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण ६० च्या वेगाला वारा आणि टायर यांची बरोबरी होते, तिथून पुढे वारा बाजी मारतो. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आली आहे, त्याचं कारण हेच. हायवेवर ५५ ने जा असं मी कुणाला सांगणार नाही, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खाईल. पण ८० आणि १०० मधला फरक बघा. बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटर धरले तर वेळेत फरक पडतो सोळा-सतरा मिनिटांचा, आणि पेट्रोलमध्ये ढोबळमानाने एक लीटरचा. त्यातली काही मिनिटं हत्तरगी आणि कोगनोळीच्या टोलनाक्यांवर रांगेत जिरतात ते वेगळंच. मिनिटाला सहा रुपये परवडतात का ते ज्याने त्याने ठरवावं. दवाखान्यात जायचं असेल तर परवडतात.

टोलनाक्याचा बोर्ड दिसतो एक किलोमीटर आधी. तिथूनच पाय काढला तर गाडी गिअरमध्ये पेट्रोल न पिता नाक्यापर्यंत मंदावत येते. शेवटच्या शंभर मीटरपर्यंत ८० ने जाऊन ब्रेक मारण्यात कुणाचा काही फायदा नाही.

टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी वारा अडवतं. लग्नसराईत किंवा मे महिन्यात बांधलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत टपावर असतं, ते काढून ठेवा. डिकीतल्या वजनाचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं ॲव्हरेजवर साधारण एक टक्का परिणाम करतं. गावाहून तांदूळ आणायचा तर खुशाल आणा.

गावातल्या गावात

बेळगाव शहरात ॲव्हरेज पडण्याची दोन मोठी कारणं आहेत, आणि ट्रॅफिक हे दुसरं. पहिलं म्हणजे छोट्या फेऱ्या. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, तेल घट्ट असतं, आणि पूर्ण तापायला काही किलोमीटर जावे लागतात. शहापूरहून गणपत गल्लीला जाऊन भाजी आणायची, गाडी थंड होऊ द्यायची, मग मुलाला क्लासला सोडायचं, पुन्हा थंड, मग संध्याकाळी दूध. गाडी दिवसभर थंड इंजिनावरच चालली. तीच कामं एका फेरीत जोडली तर निम्मे किलोमीटर तरी इंजिन गरम मिळतं. दूध तर चालत जाऊन आणता येतं, पण तो माझा विषय नाही.

डिझेलवाल्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. काजळी साठली की गाडी जादा डिझेल जाळून तो फिल्टर तापवते आणि काजळी राख करते. याला मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सलग चालणं लागतं. तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिलात तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, डिझेल जास्त जातं आणि शेवटी दिवा लागून गॅरेज दाखवावं लागतं. केवळ खडेबाजार आणि कॉलेज रोडवर फिरवायला मोठी डिझेल गाडी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लीटर पेट्रोल पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. टिळकवाडीत गेट पडलं आणि मालगाडी यायची आहे हे कळलं की इंजिन बंद करावं. पुन्हा स्टार्ट करायला खूप पेट्रोल लागतं हा समज कार्बोरेटरबरोबर जुना झाला. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलं परवडतं. पाच-सात सेकंदांचा थांबा असेल तर राहू द्या.

एसीबद्दल आपण नशीबवान आहोत. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर उगाच म्हणत नाहीत. मार्च ते मे सोडला तर शहरात काच खाली करून भागतं. हायवेला मात्र काचा उघड्या ठेवल्या की वारा आत घुसून गाडीला अडवतो, तेव्हा ८० च्या पुढे काचा बंद आणि एसी चालू हाच हिशोब बरा. आणि पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटी भागात काचेवर आतून वाफ धरते तेव्हा एसी लावायचाच. तिथे काटकसर करून काही मिळत नाही.

स्वस्त पंप आणि ई-२०

तीन राज्यांच्या सांध्यावर राहण्याचा एक छंद म्हणजे पेट्रोलचे दर. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांचे कर वेगळे, त्यामुळे दर वेगळे. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला आणि इथलं पेट्रोल-डिझेल साधारण तीन रुपयांनी महागलं, तेव्हा सीमेपलीकडच्या पंपांची चर्चा पुन्हा रंगली. समजा पलीकडचा पंप १२ किलोमीटरवर आहे आणि लीटरमागे तीन रुपये वाचतात. तीस लीटर भरलेत, ९० रुपये वाचले. जाऊन-येऊन २४ किलोमीटर झाले, १५ च्या ॲव्हरेजने १.६ लीटर, म्हणजे १६० रुपये गेले. मुद्दाम जाऊन फक्त भजी खाल्ल्याचं समाधान. त्याच वाटेने दुसऱ्या कामाला जाणार असाल तर भरा, नाहीतर जवळचा पंप बरा.

दर लीटरमागे मिळणारी ऊर्जाही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमध्ये लीटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के घट येते. ई-१० च्या तुलनेत बघितलं तर ती घट तीन-साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अंदाज होता की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट होईल, आणि ई-२० साठी जुळवलेल्या नव्या इंजिनांत १ ते २ टक्के. आपल्या जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो, मळीचं आणि रसाचं इथेनॉल होतं आणि ते आपल्याच टाकीत परत येतं. शेतकऱ्याच्या बाजूने हा हिशोब वेगळा आहे, तो इथे मांडत नाही. पण जुनी गाडी गेल्या दोन-तीन वर्षांत थोडं कमी ॲव्हरेज द्यायला लागली असेल तर लगेच मेस्त्रीला दोष देऊ नका.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल? गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं नसेल तर त्याने ॲव्हरेज वाढत नाही. पैसे वाढतात.

गॅरेजमध्ये काय बघायचं

चांगली देखभाल केलेल्या गाडीचं ॲव्हरेज वाढत नाही, पडायचं थांबतं. हे लक्षात ठेवलं की निम्म्या जाहिराती आपोआप निकालात निघतात.

टायरमधल्या हवेबद्दल सगळे सांगतात, तेव्हा थोडक्यात. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मोजायची सकाळी, टायर थंड असताना, कारण पळून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. अमेरिकी सरकारी आकड्यांनुसार प्रत्येक पीएसआयच्या घटीमागे ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के पडतं. आकडा छोटा आहे, पण महिनोन्महिने न बघितलेल्या टायरमध्ये आठ-दहा पीएसआय सहज कमी निघतात, आणि तसे टायर कडेने झिजतात ते वेगळंच. नायट्रोजनसाठी पैसे देण्यापेक्षा साधी हवा दर पंधरा दिवसांनी बघितलेली चांगली.

एअर फिल्टरबद्दल जे सांगितलं जातं ते आता अर्धवट खरं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने तपासलं तेव्हा इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत घाण फिल्टरचा ॲव्हरेजवर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही, पिकअप मात्र कमी झाला. कारण सोपं आहे, हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. तरी आपल्याकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिल्टर लवकर भरतो, तेव्हा पिकअपसाठी तरी बदला.

तेलाच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरेन. गाडीच्या पुस्तिकेत ०-डब्ल्यू-२० लिहिलं असताना "जाड तेल इंजिनाला चांगलं" म्हणून २०-डब्ल्यू-५० ओतणारे मेस्त्री आजही आहेत. ते जुन्या इंजिनांवर हात बसलेले कसबी लोक आहेत, पण नव्या इंजिनातल्या भागांमधली फट बारीक असते आणि जाड तेल हलवायलाच ताकद जाते. डब्यावरचा ग्रेड स्वतः वाचावा.

ब्रेक चिकटणं हे आपल्या पावसातलं दुखणं. चार महिने भिजलेल्या गाडीचं एखादं चाक थोडं धरून राहतं. सपाट, सुरक्षित जागी, चांगलं अंतर चालवून झाल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, डिस्कला लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं वाटलं तर तिथेच पेट्रोल जातंय. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय आणि चढणीला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं, दोन्हींत पेट्रोलही जातं आणि क्लच प्लेटही.

आणि इंजिनाचा पिवळा दिवा. महिनोन्महिने तो लावून फिरणारे लोक असतात, "गाडी तर चालतेय की" म्हणत. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर आंधळा होतो आणि जास्त पेट्रोल ओतत राहतो. असा गंभीर बिघाड दुरुस्त केला तर ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, म्हणजे वर सांगितलेलं सगळं काटकसरीचं शास्त्र एका दिव्यापुढे फुकट. स्कॅनर लावून बघायला फार वेळ लागत नाही. पीयूसीची चिठ्ठीही फेकू नका. गेल्या वेळच्या चिठ्ठीतला कार्बन मोनॉक्साईडचा आकडा आणि यंदाचा शेजारी ठेवा. एकदम वाढला असेल तर मेस्त्रीला दाखवायला ते पुरावा म्हणून चालतं.

मोजायचं कसं

एवढं करून फरक पडला की नाही ते डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नका, तो बरेचदा थोडा उदार असतो. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशीही तुलना करू नका. तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या चक्रावर काढलेला असतो, आणि त्या चक्रात गाडी ९० च्या वर जातच नाही. त्यात वंटमुरीचा चढ नाही की गणपत गल्लीतली गर्दी नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो चांगला, तुमच्या खिशाचा हिशोब करायला नाही.

खरा आकडा टाकी ते टाकी. एका पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लीटर. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा, कारण एका टाकीत गोवा असतो आणि दुसऱ्यात नुसतं गाव. नोझल बंद झाल्यावर पंपावरचा मुलगा विचारतो, "राउंड फिगर करू का?" नको म्हणा. त्या दोन-तीन जादा झटक्यांनी तुमचा हिशोब चुकतो, आणि टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरलं तर तो बदलायचा खर्च वर्षभर वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त निघतो.